गर्दीचा पिच्चर

छबूआक्का सिनेमाला बसायची ती पडद्याकडे पाठ करून. पडदा म्हणजे आमच्या दूध डेअरीची चुना दिलेली भिंत. तिच्यासमोर सतरंजीवर आणि पशुखाद्याच्या पोत्यांवर मळ्यातली पंचवीस-तीस पोरं बसलेली असत. त्या सगळ्यांच्या मागे, शटरजवळ, दुधाच्या पालथ्या कॅनवर आक्का असायची. तोंड बाहेर, मांडीवर काठी. भिंतीवर हिरो नाचत असो की मार खात असो, तिने मान वळवून पाहिलं नाही. मी एकदा म्हटलं, "आक्का, जरा इकडे बघा तरी, चांगला सीन आहे." ती म्हणाली, "तू बघ. मी ऐकतीय. कुणीतरी हिकडं बघाया पायजे ना."

मी तेव्हा त्या डेअरीवर लिहायला होते. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणाऱ्यांच्या दुधाचं फॅट मोजायचं, पावती द्यायची, टेम्पो गेला की कुलूप लावायचं, एवढं माझं काम. आक्का कॅन धुवायची. पंचावन्नच्या आसपासची, ठेंगणी, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. हात सदा ओले आणि पाण्याने पांढरे पडलेले. आमचा मळा जुन्नर तालुक्यात, नदीच्या काठाला. पाणी बारमाही, त्यामुळे जिकडे पाहावं तिकडे ऊस. घरं लांब लांब, एकेका घराच्या भिंतीला ऊस टेकलेला. खिडकी उघडली की पाती आत येतात.

आक्का आयुष्यभर भित्री होती आणि ते ती लपवत नसे. गॅसची टाकी बदलायला शेजाऱ्याला बोलवायची. वीज चमकली की कानात बोटं घालून पाटावर पाय घेऊन बसायची. दवाखान्यात सुई पाहून एकदा पळून आली होती. "मी लहानपणापास्नं भित्री हाय बाई," असं ती कुणालाही सहज सांगायची, जसं आपण सांगतो की मला वांगं चालत नाही. बिबट्याचं भय तर सगळ्या मळ्यालाच होतं. पण बापई माणसं पारावर बसून "आपल्याला काय करतोय" म्हणायची आणि अंधार पडायच्या आत घरात दिसायची. भीत सगळेच होते. कबूल आक्का एकटीच करायची.

तिचं माहेर आणे गावचं. पूर्वेकडचं पठार, कोरडवाहू, उघडं रान. "आमच्या आण्यात कसं, तिकडून माणूस येताना दिसला की हिकडं चा ठेवायचा. यीस्तवर उकळतोय," ती म्हणायची. तिथून लग्न होऊन ती या उसात आली आणि तिला काही दिसेनासं झालं. एवढी वर्षं झाली तरी तिची तक्रार तीच होती. "हितं समोर कायबी असू शकतं. आन आपल्याला नुसतं हिरवं दिसतं."

एका हिवाळ्यात, तोडणीच्या दिवसांत, पलीकडच्या मळ्यातली एक मुलगी बिबट्याने नेली. ओट्यावर बसून भांडी घासत होती. आई आत भाकरी थापत होती. ओरडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. आक्का त्या घरी जाऊन आली आणि मला एवढंच म्हणाली, "परातीत साबणाचं पाणी तसंच व्हतं गं. फेस बी मोडला नव्हता." त्यानंतर कितीतरी दिवस तिने ओट्यावर भांडी घासली नाहीत. न्हाणीत दार लावून घासायची.

आक्काची नात स्वरा तिच्याजवळ होती, दुसरीत शिकणारी. मुलगा आणि सून चाकणला कंपनीत, दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून पोर आजीकडे. शाळा पाचला सुटायची. मळ्यातल्या बहुतेक घरांत त्या वेळी कुणी नसे. आई-बाप रानात, नाहीतर गोठ्यात धारा काढत. दिवस मावळल्यापासून माणसं परत येईपर्यंतचा वेळ पोरं घरात एकटी. दारात ऊस, कडीला हात न पोहोचणारी उंची. आक्का स्वराला डेअरीवर घेऊन येऊ लागली. तिचं पाहून बाकीचेही पोरं सोडू लागले. पण पोरं ती. दहा मिनिटं बसत आणि मग एक बाहेर पळालं की सगळी त्याच्यामागे. आक्का काठी घेऊन धावायची, एकेकाला दंडाला धरून आणायची आणि स्वतःच थरथरत कॅनवर बसायची.

"पोरांना बस म्हणून पोरं बसत न्हाईत," ती एक दिवस म्हणाली. "बसवाया कायतरी पायजे. पिच्चर दाखवला तं?"

मी हसले. तालुक्याच्या गावचं थेटर बंद पडून जमाना झाला होता. पुण्याला जाऊन मॉलमध्ये सिनेमा पाहणं हे आमच्याकडे लग्नाच्या वाढदिवसाचं काम. पण आक्काच्या डोक्यात शिरलं ते शिरलं. बाजाराच्या दिवशी ती जुन्नरला हमीदभाईंकडे गेली. हमीदभाई टीव्ही, पंखे, साउंड असं सगळं दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात एका मंगल कार्यालयाने टाकून दिलेला प्रोजेक्टर पडला होता. आक्काने काय सांगितलं कोण जाणे, पण हमीदभाई स्वतः मोटारसायकलवर मशीन बांधून डेअरीवर आले. जोडून दिलं, एक जुना स्पीकरही ठेवला.

"पैशाचं बोलू नका आक्का," ते म्हणाले. "माझ्या पण नातवंडांना मी संध्याकाळी बाहेर सोडत नाही. लेकिन एक सांगतो, याचा कलर बिघडलाय. सब पिवळा दिसंल."

"पिवळं तं पिवळं," आक्का म्हणाली. "हळद लागलीय समजू."

आणि खरंच, आमच्या भिंतीवरचे सगळे हिरो, व्हिलन, म्हाताऱ्या आया नि पोलीस हळदीच्या अंगानेच वावरले. पोरांना त्याचं काही वाटेना. उलट पुण्याला जाऊन आलेल्या एका पोराने सांगितलं की तिकडच्या पडद्यावर रंग बरोबर नव्हते.

सिनेमे फुकटचे. मोबाइलवर जे जुने पिच्चर कुणीही बघावेत म्हणून ठेवलेले असतात, तेच. मध्ये जाहिरात आली की पोरांनी पाणी प्यायचं, असा नियम. नेटचीही आक्काने सोय काढली. प्रत्येकाच्या मोबाइलवर रोजचा ठरलेला नेट येतो आणि न वापरलेला रात्री बारा वाजता वाया जातो. दूध घालायला आलेल्या माणसाला ती विचारायची, "पावणं, आज तुमचा नेट उरलाय का?" ज्याचा उरला असेल त्याने मोबाइल ठेवून जायचा आणि पोरं न्यायला येताना परत न्यायचा. ज्यांच्या घरी पोरं नव्हती तेही ठेवायचे. चेअरमन दोन दिवस म्हणाले, "डेअरी आहे का थेटर?" तिसऱ्या दिवशी त्यांचीच सून नातवाला सोडून गेली.

पिच्चर मी लावायचे, पण निवड आक्काची. तिला गोष्टीशी कर्तव्य नव्हतं. "गर्दीचा पिच्चर लाव," ती सांगायची. लग्न, वरात, जत्रा, मारामारी, निवडणुकीची सभा असलेला सिनेमा तिला चालायचा. रडका चालत नसे. "रडक्या पिच्चरमधी माणसं हळू बोलत्यात. आवाज मोठा पायजे. त्याला कळू दे, हितं लई माणसं हायत." 'त्याला' म्हणजे कुणाला ते तिने कधी उच्चारलं नाही. नाव घेतलं की येतो, असं तिला वाटायचं की काय, मला माहीत नाही.

तिच्या घरापासून डेअरीपर्यंतची वाट दोन उसांच्या मधून होती. ती वाट चालताना मी तिला पाहिलं आहे. गावात तेव्हा खिळे लावलेले गळ्याचे पट्टे आले होते, मागून झडप पडली तर मान वाचावी म्हणून. बायका लाजून ते पदराखाली घालायच्या. आक्का पदराच्या वरून घालायची. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्वराचं मनगट, कमरेला खोचलेला मोबाइल आणि त्यावर मोठ्या आवाजात कुठल्यातरी पिच्चरमधली मारामारी. स्वतःही बडबडत चालायची. "भ्यायचं तं मोठ्यानं भ्यायचं," ती मला म्हणाली. "गप भ्यालं की संपलं."

एका संध्याकाळची गोष्ट. पौष नुकताच सुरू झाला होता. थंडी होती. दुधाचा टेम्पो नुकताच गेला होता आणि बाहेर पुरता अंधार पडला नव्हता. भिंतीवर एक लग्नाचा सिनेमा चालू होता. नवरदेव मांडवातून नाहीसा झालेला, दोन्हीकडचे वऱ्हाडी एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. खाद्याच्या वासाने आत कोंडायचं म्हणून शटर हातभर वर ठेवलेलं असायचं. तसंच होतं. आणि लाइट गेली.

लाइट जाण्यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे लाइट गेली की पाठोपाठ मोबाइलचा टॉवरही जातो. मोबाइलवरचा पिच्चर तिथेच गोल गोल फिरत थांबला. पोरं "ओऽऽ" करून ओरडली आणि मग हळूहळू गप्प झाली. स्पीकर बंद झाल्यावर बाहेरची शांतता एकदम आत आली. रातकिडेसुद्धा बोलत नव्हते. दोघं-तिघं चप्पल शोधू लागली, घरी निघायला.

तेवढ्यात डेअरीच्या पायरीवर झोपणारं कुत्रं शटरखालून आत आलं. आलं म्हणजे पोट जमिनीला लावून सरपटत आलं. भुंकलं नाही, कण्हलंही नाही. पोरांच्या मधे घुसून स्वराच्या मांडीखाली डोकं खुपसलं आणि तिथेच ओलं केलं.

मी मोबाइलची बॅटरी लावली. आक्का उठून उभी राहिली होती. तिने शटरचा हूक धरून खाली ओढलं. ते एका बाजूने उतरलं, दुसऱ्या बाजूला अडकलं. मी गेले, दोघींनी मिळून ओढलं. हलेना. खाली तिरकी फट राहिली, माणसाचं डोकं जाईल एवढी. आणि मग आवाज आला. करवतीने लाकूड कापावं तसा, दोनदा, अगदी जवळून. नंतर काहीच नाही. फटीजवळ पेंडीचा भुसा सांडला होता. बॅटरीच्या उजेडात मी पाहिलं, तो भुसा आत येत होता आणि बाहेर जात होता. पलीकडून कुणीतरी श्वास घेत होतं.

माझ्या हातातला उजेड नाचायला लागला. आक्काने माझ्या हातावर हात ठेवला. तो माझ्यापेक्षा जास्त कापत होता. "पोतं," ती म्हणाली. "पोतं आण."

मी पोतं ओढलं. पन्नास किलोचं पोतं मी एकटीने कसं ओढलं, मला सांगता येणार नाही. आक्का पोरांकडे वळली. पिच्चरच्या वेळी मी तिला पहिल्यांदाच त्या बाजूला तोंड केलेलं पाहिलं. शटरकडे पाठ करणं तिला किती जड गेलं असेल, ते तीच जाणे. तिने घसा खाकरला.

"चपला ठिवा खाली," ती म्हणाली. "पिच्चर संपला न्हाई अजून. पुढचं मी सांगती."

कुणीतरी म्हणालं, "आक्का, तुम्ही कुठं बघितलाय?"

"ऐकलाय ना. गेल्या म्हैन्यात लावला व्हता. तर नवरदेव पळाला. कुठं पळाला? मोठ्यानं सांगा."

"एस्टी स्टँडवर," पोरं म्हणाली.

"ऐकू येत न्हाई."

"एस्टी स्टँडवर!"

"मग तिथं त्याला नवरीचा मामा भेटला."

"मामा नाय आक्का, तो पोलीस हाय."

"पोलीस? एवढं मायेनं बोलतोय आन पोलीस?" ती म्हणाली, आणि खरोखर चकित झाली असावी. पोरं हसली. बाहेर एकदा पत्रा खरवडल्यासारखा आवाज झाला. मी दुसरं पोतं ओढत होते. "बरं, पोलीस. पोलीस म्हणला, चल मांडवात. मग वरात निघाली. वरातीत वाजंत्री पायजे का नको? घ्या झाकणं."

पोरांनी कॅनची झाकणं घेतली. ॲल्युमिनियमच्या झाकणांचा तो दणका डेअरीच्या पत्र्याला लागून असा काही उठला की माझे कान बधिर झाले. आक्का मधे उभी राहून एकेकाचं नाव घेत होती, वरातीत कोण कोण आलंय ते विचारत होती. पोरं सगळ्या मळ्याची नावं ओरडत होती, बापांची, काकांची, चेअरमनची, हमीदभाईंची. वरात संपली की ती मारामारी सुरू करायची. मारामारी संपली की पुन्हा वरात. नवरदेवाचं लग्न त्या दिवशी किती वेळा लागलं कुणास ठाऊक. तिच्या लुगड्याचा मागचा भाग घामाने भिजून पाठीला चिकटला होता, त्या थंडीत. तिसरं पोतं लावून झाल्यावर मी त्यांना पाठ लावून बसले आणि पाठीमागून आता काय जाणवतं आहे याचा विचार करायचा नाही, असं स्वतःला सांगत राहिले.

पोरं न्यायला आलेल्या पिकअपचे दिवे फटीतून आले तेव्हाही तिने थांबवलं नाही. बाहेरून माणसांचे आवाज आले, बापांनी आपापल्या पोरांची नावं घेतली, मग तिने झाकण खाली ठेवलं. शटर उचलायला चार माणसं लागली. सगळी पोरं मोजून बाहेर गेल्यावर आक्का मोरीपाशी गेली आणि ओकली.

सकाळी धुण्याच्या नळाजवळच्या चिखलात पंजे उमटलेले सापडले. शटरपासून नळापर्यंत आणि परत. तो बराच वेळ तिथे फिरत राहिला होता.

गावाने आक्काचं कौतुक केलं. शाल-नारळ द्यायचं ठरलं. कार्यक्रम संध्याकाळचा ठेवला म्हणून ती गेली नाही. चेअरमन शाल घेऊन तिच्या घरी गेले आणि म्हणाले, "आक्का, तुमच्याएवढी धाडसी बाई मी पाहिली नाही." ती म्हणाली, "तसं म्हणू नका साहेब. लोकं मला एकटीला कुठंतरी धाडतील."

तिची भीती कमी झाली नव्हती, वाढली होती. डेअरीची वाट तिला एकटीने चालवेना. मी न्यायला जायचे. ताटातला घास हातात धरून ती ऐकत बसायची. मग वनखात्याने पिंजरा लावला आणि आठवड्याभरात एक बिबट्या सापडला. सगळा मळा मोबाइल घेऊन बघायला लोटला. आता हिच्या मनातलं जाईल, म्हणून मी आक्कालाही नेलं. भरदिवसा, गर्दीत. ती पिंजऱ्यापासून लांब उभी राहिली, मग एकेक पाऊल पुढे गेली. जनावर कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं, धापा टाकत होतं. आक्काने डोळे मिटले आणि ऐकलं. मग माझा हात धरून मला बाहेर काढलं.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आक्का, कशावरून?"

"त्याचा दम असा नव्हता. त्यो घाबरलेला नव्हता."

तिचं म्हणणं बरोबर होतं की नाही, मला अजून माहीत नाही. लोकांना सुटल्यासारखं झालं होतं, त्यांना ते ऐकायचं नव्हतं. पोरं पुन्हा संध्याकाळी ओट्यावर दिसू लागली. डेअरीत सहा-सातच उरली. आक्का दारोदार जाऊन सांगत राहिली आणि बायका "व्हय व्हय" म्हणत राहिल्या. उन्हाळा लागल्यावर मुलगा येऊन स्वराला चाकणला घेऊन गेला. आक्काला तिथल्या चौथ्या मजल्याची भीती वाटली. ती आण्याला भावाकडे गेली. जाताना मला म्हणाली, "सहा असली तरी लाव. एक असलं तरी लाव." मी लावते.

मागच्या महिन्यात भाड्याची गाडी करून तिला भेटायला गेले. पठारावर पोहोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती. तिचा भाऊ म्हणाला, "अंगणात हाय बघा. आल्यापास्नं झोपतीच लई. पहिल्या आठवड्यात तं आमी घाबरलो, उठती का न्हाई." उघड्या अंगणात बाजेवर आक्का झोपली होती, उताणी, दोन्ही हात बाजेबाहेर टाकून, तोंड जरासं उघडं. चहूबाजूंनी मोकळं रान होतं. मी इतकी वर्षं तिला पाहत होते, पण झोपलेली कधी पाहिली नव्हती.

माझ्या पावलांनी ती जागी झाली. "कोण?" म्हणून दचकून उठली, मग मला ओळखून हसली. माझ्या गालावरून हात फिरवला. आता तिचे हात कोरडे आणि खरखरीत झाले होते. स्वराचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. तिच्या वहिनीने चहा आणला. मी अर्धा प्यायले असेन, तेवढ्यात तिची नजर उन्हाकडे गेली आणि चेहरा बदलला.

"ऊठ," ती म्हणाली. "राहू दे त्यो चा."

"आगं, पावणीला जेवू तरी दे," भाऊ म्हणाला.

"जेवायचं काय हाय त्यात. उजेड हाय तवर तिला घाट उतरू दे." तिने माझी पिशवी स्वतः उचलून गाडीत ठेवली आणि दार लावून घेतलं. काचेतून नुसती मान हलवली, जा म्हणून.

घाट उतरून खाली आलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. थोड्या वेळाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. उकडत होतं, तरी ड्रायव्हरने मी काही सांगायच्या आत काचा वर घेतल्या.